पायउतार

चीनमधल्या नानजिंगच्या मेट्रोत दोन नंबरच्या लाइनवर श्यामाफांग नावाचं स्टेशन आहे. लेक म्हणाली, "बाबा, याचा अर्थ घोड्यावरून उतरायची कमान." वर आलो तर रस्त्यालगत ती दगडी कमान खरंच उभी. तिच्यावर सहा चिनी अक्षरं. लेकीनं बोट ठेवून वाचून दाखवलं: सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी इथे घोड्यावरून उतरावं. मिंग बादशहाच्या थडग्याची हद्द इथून सुरू व्हायची, त्यामुळे भल्याभल्यांना पुढे चालतच जावं लागे.

आमच्या ह्यांचा चेहरा पडला. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जून लिहून टाकलेली, त्यामुळे हे रीतसर ३१ मेला निवृत्त झाले होते. त्या संध्याकाळपर्यंत दारात सरकारी जीप होती. जूनअखेर आम्ही लेकीकडे आलो (ती इथे एमबीबीएसला आहे), तर पहिल्याच दिवशी सहाशे वर्षांपूर्वीचा दगड सांगतोय, साहेब, उतरा.

"म्हणजे गाडी नाही?" हे म्हणाले.

थडगं ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्याचं नाव त्सजिन शान, म्हणजे जांभळा-सोनेरी डोंगर. उंची ४४८ मीटर. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे माझा स्वयंपाकघरातला ओटा या डोंगराच्या शिखरापेक्षा शंभर मीटर उंचावर आहे. हे मी आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवलं आणि गुडघ्यांना लावायचा पट्टा बॅगेतच राहू दिला.

उन्हाचं मात्र बघितलं नव्हतं. वूहान, चोंगचिंग आणि नानजिंग या चीनच्या तीन भट्ट्या म्हणून ओळखल्या जातात. त्यात जूनमध्ये पाऊस असा की पडतो कमी आणि चिकटतो जास्त. दहा मिनिटांत माझी ओढणी पोछ्यासारखी झाली.

दिवस सोमवार. डोंगरावरचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष सन यत-सेन याची समाधी, आणि ती सोमवारी बंद असते. लेकीनं म्हणूनच मंगळवारचं बुकिंग केलं होतं, पासपोर्ट नंबर घालून. पण ह्यांचा अनुभव असा की बंद असणं हे आम जनतेसाठी असतं. "जाऊन विचारायला काय हरकत आहे?" असं म्हणून हे पहारेकऱ्यापुढे उभे राहिले आणि आवाज थोडा खाली आणून, साहेबी मराठीत, आपण कोण हे सांगू लागले. त्या पोरानं शांतपणे ऐकून घेतलं, मग स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी बोलला. फोनमधल्या बाईनं हिंदीत सांगितलं, "आज सोमवार है."

मग मोर्चा मिंग बादशहाकडे. चू युआनचांग हा गरीब शेतकऱ्याचा पोर, लहानपणीच आईबाप गेलेला, पोटासाठी बौद्ध मठात राहून भिक्षा मागत फिरलेला. १३६८ मध्ये बादशहा झाला आणि मिंग घराणं सुरू केलं. स्वतःच्या थडग्याचं काम १३८१ मध्ये काढलं. पुढच्याच वर्षी राणी गेली, ती आधी तिथे पोचली. हा स्वतः १३९८ मध्ये.

थडग्याकडे जाणारा रस्ता चक्क वाकडा आहे. चिनी बादशहांच्या समाध्यांना सरळ रेषेचं भारी वेड, आणि इथे रस्ता एका टेकडीला वळसा घालून जातो. ह्यांनी तत्काळ निदान केलं, "भूसंपादनात अडचण आलेली दिसते." मला हसू आलं, पण लेकीनं वाचलं तर खरंच तसं निघालं! त्या टेकडीत तिसऱ्या शतकातला वू राज्याचा राजा सुन च्वान पुरलेला आहे. त्याला हलवायची गोष्ट निघाली तेव्हा बादशहा म्हणाला म्हणे, चांगला माणूस होता, राहू दे, माझ्या दारावर पहारा देईल. हे दिवसभर खुशीत. सहाशे वर्षांची फाइल त्यांनी उभ्या उभ्या निकाली काढली होती.

त्या वाकड्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दगडी जनावरं आहेत. सहा जातींची, एकूण २४. सिंह, उंट, हत्ती, घोडे आणि दोन जाती फक्त चिनी कल्पनेत जन्मलेल्या. प्रत्येक जातीची एक जोडी उभी, एक बसलेली. मी बसलेल्या हत्तीपुढे बराच वेळ थांबले. एवढं अवजड धूड, पाय दुमडून, सहाशे वर्षं ऊन-पावसात, आणि चेहऱ्यावर काही नाही. आमच्या कॉलनीत एकही बाई अशी नाही.

"आई, फोटो काढू?"

"मला बसू दे गं."

"तिथे बसायचं नसतं."

म्हणजे त्या हत्तीला बसायची सोय आहे, मला नाही.

दारापाशी १९०९ सालचा एक शिलालेख आहे, जागेची नासधूस करू नका असं परदेशी पाहुण्यांना सांगणारा. जपानी, जर्मन, इटालियन, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन, अशा सहा भाषांत. "मराठी नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "आपण तेव्हा आलो नव्हतो." पण खरं सांगायचं तर आपली माणसं किल्ल्यांच्या भिंतींवर जी नावं कोरून ठेवतात ती बघता, चिन्यांना आपल्याबद्दल नीट माहिती नव्हती हेच बरं.

यानंतर चालणं, पूल, पुन्हा चालणं, एक अंधारा चढता बोगदा आणि शेवटी एक भिंत. भिंतीवर सात अक्षरं: हा डोंगर म्हणजे मिंग ताइझूचं, म्हणजे आपल्या चू युआनचांगचंच, थडगं. झालं, संपलं. भिंतीमागे झाडांनी भरलेला उंचवटा, आणि त्याच्या पोटात बादशहा. थडगं आजवर कुणी उघडलेलं नाही.

"म्हणजे आत काही बघायचंच नाही?" हे.

"नाही."

"मग पाटी खालीच लावायची ना!"

दुपारी लिंगू मंदिर. हे मंदिर मुळात सहाव्या शतकातलं, पण दुसऱ्या जागी होतं. बादशहाला थडग्यासाठी नेमकी तीच जागा आवडली. तरुणपणी ज्याला मठानं जेवू घातलं, त्यानं गादीवर आल्यावर मठच उठवला आणि डोंगराच्या पूर्व अंगाला पर्यायी जागा दिली. मी पुण्याची आहे. मला यात नवल काहीच वाटलं नाही, उलट पर्यायी जागा खरोखर मिळाली आणि तीही मोठी, याचं वाटलं.

तिथे विटांचा एक प्रचंड दालनवजा हॉल आहे, लाकडाची एकही तुळई न वापरता नुसत्या कमानींवर उभा केलेला. आत जुन्या वाड्याच्या माजघरासारखा गारवा. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ठरवलं की आता जे काही बघायचं ते मला इथे आणून दाखवा.

पण लेकीनं बाहेर काढलं, कारण जवळच युआन श्वांगचं स्मारक आहे. आपला शाळेच्या पुस्तकातला चिनी प्रवासी. त्याच्या कवटीचा अवशेष या मंदिरात जपून ठेवलाय. हा माणूस सातव्या शतकात चीनमधून निघाला, वाळवंटं आणि बर्फाचे डोंगर तुडवत भारतात आला आणि पुलकेशीच्या काळात थेट आपल्या महाराष्ट्रात पोचला. आपल्याबद्दल लिहून गेलाय की ही माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात. ह्यांची छाती फुगली. "कळवून सूड! बघ. आमच्या खात्यात कारणे दाखवा नोटीस असायची ती हीच."

मी मात्र मान खाली घालून उभी होते. हा माणूस सोळा वर्षांचा प्रवास करून परत गेला, आणि मी मघापासून लेकीला विचारत होते की ती विजेवरची छोटी गाडी या बाजूला येते का.

मंगळवार. पट्टा बांधला.

सन यत-सेन शिक्षणानं डॉक्टर. राजेशाहीविरुद्ध क्रांती झाल्यावर १ जानेवारी १९१२ रोजी इथेच नानजिंगमध्ये नव्या प्रजासत्ताकाचा हंगामी अध्यक्ष झाला. १९२५ मध्ये बीजिंगला वारला, १९२९ मध्ये इथे आणून पुरला. निळी कौलं, पांढऱ्या भिंती, आणि त्यांच्यापर्यंत ३९२ पायऱ्या. तेव्हाच्या चीनची लोकसंख्या ३९ कोटी २० लाख, म्हणून तितक्या, असं सांगतात. मनात आलं, हाच हिशेब आज आपल्याकडे लावला तर पायऱ्या चौदाशेच्या वर जातील. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांत माझी निम्मी ताकद संपते.

खालून बघितलं तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. मध्ये थांबायला सपाटी आहे हे दिसतच नाही. हे मोठ्यानं मोजत निघाले. एकशेचाळीसच्या आसपास एका चिनी आजीबाईंनी आम्हाला मागे टाकलं. त्यांच्या हातात छत्री, कडेवर नातू. दोनशेपुढे ह्यांचं मोजणं मनातल्या मनात गेलं. तीनशेला आम्ही दोघंही लेकीकडे असं बघत होतो की ती म्हणाली, "मी अजून डॉक्टर झालेली नाहीये हं."

वर पोचलो. आत संगमरवरी सन यत-सेन खुर्चीवर बसलेला. हा पुतळा करणारा लांदोव्स्की, ब्राझीलमधल्या डोंगरावरच्या येशूचा तोच शिल्पकार. तिथे तरी त्यानं पुतळा उभा केलाय. इथे बसवलाय, यावरून वर येताना त्याला काय वाटलं असेल ते मला कळलं.

बाहेर येऊन ह्यांनी आम्हाला कठड्याशी उभं केलं आणि पाठीमागे आख्ख्या ३९२ पायऱ्या येतील असा फोटो काढला. निदान त्यांना तसं वाटलं. वास्तुरचनाकार ल्यू यानचीची करामत अशी, की खालून फक्त पायऱ्या दिसतात आणि वरून एकही दिसत नाही, नुसत्या सपाट्या, एकीला एक चिकटलेल्या. हे आम्हाला घरी येऊन फोटो मोठा केल्यावर कळलं. तोवर तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता, खाली "३९२ पायऱ्या चढून!" असं लिहून.

वन्संचं पहिलं उत्तर आलं: "कुठे आहेत पायऱ्या? मैदानच दिसतंय की."

हे हट्टाला पेटले. त्यांनी माझा सुजलेला गुडघा, पट्ट्यासकट, फोटो काढून पुरावा म्हणून पाठवला.

"तो तर गणपतीतपण असाच होता," वन्संनी लिहिलं.