धरणाजवळ घर घेणाऱ्यांसाठी मोफत सूचना

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला फ्लॅट बघताय? उत्तम. "खडकवासला इथून हाकेच्या अंतरावर, पाण्याचं टेन्शनच नाही," असं बिल्डरचा माणूस सांगेल. मान हलवा. सॅम्पल फ्लॅटमधला नळ मात्र सोडून बघू नका, उगाच त्याची पंचाईत होते.

संध्याकाळी टेरेसवर जाऊन सूर्यास्त बघा. बांधकामांच्या धुळीतून जेवढा दिसेल तेवढा.

टेकडीवर फिरायचं असेल तर लवकर फिरून घ्या.

पाण्याचं तेवढं शिकावं लागेल. टँकरवाल्याला 'दादा' म्हणा, तो तुमच्या मुलाच्या वयाचा असला तरी. परवा धरणातून विसर्ग वाढवला, नदीपात्रात गाड्या लावू नका म्हणून सूचना आल्या, आणि त्याच सकाळी आमच्या सोसायटीची टाकी कोरडी! "काका, भरणा केंद्रावर लाईन आहे, दुपारी बघू." दुपारचा टँकर रात्री आला, तोही अर्धा. पैसे पूर्ण. पावती मागितली तर म्हणाला, दुसरा टँकरवाला बघा. दुसरा त्याचाच चुलतभाऊ.

पाणी कुठून भरलं, क्लोरीन आहे का, असलं काही विचारू नका. २०२५च्या जानेवारीत याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण निघाले. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ गेलं, काही व्हेंटिलेटरवर गेली, काही घरी आलीच नाहीत. मग विहिरी, टँकर, आरओ प्लांट सगळ्यांचे नमुने घ्यायची धावपळ. पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, हे तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू घाण पाण्यातून येतो, तसाच कच्च्या राहिलेल्या चिकनमधूनही. मग काय, चर्चा कोंबडीची! तिला वकील नसतो ना.

२०१७ला ११ गावं पालिकेत घेतली, २०२१ला आणखी २३. मिळकतकराची बिलं बरोबर दारात पोचली. पाइपलाइनला अजून पत्ता सापडत नाही.

अहो पालिकावाले, पाणी नाही हे माहीत असताना एवढाल्या टॉवरना परवानगी देताच कशी? पालिकेचं पाणी येईपर्यंत बिल्डर पाणी पुरवेल, असं हमीपत्र घेतलं की झालं? ताबा दिल्यावर बिल्डर फोन उचलत नाही, हे तुम्हाला माहीत नाही? टँकरचा खर्च आमच्या मेंटेनन्समधून जातो आणि तुम्ही नदीकाठ सुशोभित करताय! लाज वाटत नाही?

आणि आपणही कमी नाही. जीबीएसच्या वेळी पाणी उकळून प्यायलो, उन्हाळ्यापर्यंत विसरलो. मतं मागायला आलेल्याकडे बाकडी मागितली, पेव्हर ब्लॉक मागितले. पाणी कधी देणार, हे एकानेही विचारलं नाही. ग्रुपवर रडणं बंद करा. माहिती अधिकारात अर्ज टाकून बिल्डरचं हमीपत्र आणि बांधकाम परवानगी, दोन्ही काढा. सही कुणाची आहे ते तरी कळेल.