‘बोलायला काय शिकवायचं?’ असं विचारणाऱ्यांना

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पाळणाघरातल्या ताईंना म्हणे आता संवादकौशल्याचं ट्रेनिंग! अहो, बोलणं काय शिकवायची गोष्ट आहे? माया असली की सगळं येतं. दीड वर्षाच्या पोराला कळतं तरी काय? चार गोड वाक्यं पोपटासारखी पाठ करून काय होणार? आणि एवढी मुलं सांभाळताना गप्पा मारायला वेळ कुणाला आहे?’ मला तो तीन ठिकाणांहून आला. त्यातल्या एका ग्रुपवर माझ्याच पाळणाघरातल्या सहकारी होत्या आणि खाली टाळ्यांची रांग. म्हणून लिहायला बसले.

‘माया असली की सगळं येतं.’ मायेबद्दल वादच नाही. ती नसेल तर या कामात कुणी दोन महिने टिकत नाही. पण माया भरभरून असली की माणूस बोलतोही भरभरून, आणि घोळ तिथेच होतो. आमच्या प्रशिक्षणात एकमेकींचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ काढायचे होते. माझ्या व्हिडिओत वीस महिन्यांचा एक मुलगा माझं बोट ओढत खिडकीकडे हात दाखवतोय. मी सुरू: “काय रे? काऊ? काऊ आला का? कुठे गेला काऊ? भुर्रकन उडाला! चला, हात धुवायचे ना?” या सगळ्याला सहा सेकंदही लागले नाहीत. मधेच त्याने तोंड उघडलं होतं, ‘म’सारखा काहीतरी आवाजही केला होता, पण तोवर मी त्याला नळाकडे वळवलं होतं. व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तेव्हा दिसलं, कावळा नव्हताच. काचेवर एक मुंगळा चढत होता.

त्या पोरावर माझा जीव होता हो. माया कुठे कमी पडली? कमी पडली ती थोडा वेळ तोंड मिटून बसायची सवय, आणि ती आपोआप येत नाही. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात प्राथमिक शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागायची. ही तर नीट बोलता येणारी मुलं. ज्याला अजून शब्द जुळवायचा आहे त्याला किती वेळ लागत असेल! तेव्हा ‘बोलायला काय शिकवायचं’ हा प्रश्नच मुळात चुकलाय. आम्हाला मुख्यतः थांबायला शिकवतात.

‘दीड वर्षाच्या पोराला कळतं तरी काय?’ दीड वर्षाचं सोडा, काही महिन्यांच्या बाळाचं बघू. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग ठरवून काही वेळ चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 वेळा मँडरिन, म्हणजे चिनी भाषा ऐकवली. समोर बसून माणूस बोलला तेव्हा बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच बोलणं पडद्यावर किंवा नुसत्या आवाजात ऐकवलं तेव्हा नाही. शब्दांचा अर्थ कळत नसेल, पण समोरचा आपल्याशी बोलतोय की आपल्या डोक्यावरून बोलतोय, हे त्यांना नक्की कळतं.

‘पोपटासारखी वाक्यं.’ या मुद्द्यावर मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. एक दिवस हॉलमध्ये बसवायचं, पडद्यावर पन्नास स्लाइड दाखवायच्या, संध्याकाळी सर्टिफिकेट हातात. असल्या प्रशिक्षणातून पोपटच निघतात, मी पाहिलेत. पण तो दोष पद्धतीचा आहे. लहान मुलांच्या भाषेवर काम करणारी टोरांटोची एक संस्था आहे, हॅनेन सेंटर. तिच्या प्रशिक्षणाच्या पद्धतीवर 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानसाच, 16 कर्मचाऱ्यांचा. प्रशिक्षण 14 आठवडे चाललं. ते घेतलेल्या ताया मुलाने सुरुवात करायची वाट बघू लागल्या, त्याच्या समोर, त्याच्या उंचीला येऊन बोलू लागल्या, कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मुलाला खेळात ओढू लागल्या. आणि मुलं जास्त बोलू लागली, मुख्य म्हणजे एकमेकांशीही. यात पाठ करायचं वाक्य एक तरी आहे का?

‘वेळ कुणाला आहे?’ वेगळा वेळ लागतच नाही. डायपर दिवसातून चार-पाच वेळा बदलावाच लागतो. तो बदलताना शेजारणीशी बोलायचं की त्या बाळाशी, एवढाच प्रश्न आहे. बाकी एका ताईच्या वाट्याला किती मुलं असावीत, हे भांडण जरूर भांडा, मीही येते. पण ते प्रशिक्षणाविरुद्धचं भांडण नाही.

आता मजकुरात नसलेली गोष्ट. या कामातलं सगळ्यात अवघड बोलणं मुलांशी नसतंच, ते संध्याकाळी दारात पालकांशी असतं. मुलं चावतात. शब्द अपुरे असतात तेव्हा दात चालतात, या वयात नवल नाही. पण दंडावर दातांचे वळ घेऊन मूल घरी जाणार असतं आणि न्यायला आलेला बाप दमलेला असतो. पूर्वी मी काय म्हणायचे? “काही नाही हो, मुलंच ती, चालायचंच.” मला वाटायचं मी धीर देते आहे. त्यांना ऐकू यायचं की हिला काही पडलेलं नाही.

हे आम्ही नाटक करून शिकलो. एक सहकारी बाप झाली आणि माझ्यावर कडाडली. नियम साधे होते: वळ त्यांना दिसायच्या आधी आपण सांगायचं. कधी, कुठे, कशावरून झालं आणि लगेच काय केलं, तेवढंच. दुसऱ्या मुलाचं नाव नाही, काही झालं तरी नाही. पहिल्या वेळी मी ‘अं… म्हणजे…’ करत बसले. दुसऱ्या वेळी नाव तोंडातून निसटलं. तिसऱ्यांदा जमलं: “साडेअकराला ठोकळे खेळताना त्याच्या दंडाला चावा बसला. साबणाने धुतलं, गार पट्टी ठेवली, कातडी फाटलेली नाही. तो दहा मिनिटं माझ्या मांडीवर होता.”

“चावलं कोण?” सहकारी ओरडली.

“ते मी सांगणार नाही. तुमच्या मुलाचं नावही मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.”

त्यावर ती बाप असल्याचं विसरली आणि म्हणाली, “अगं, हे लिहून घेऊ दे मला.”