सहीसाठी वाया गेलेले आठवडे

नाशिकच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: लग्न झालेल्या बाईचा गर्भपात करण्याआधी डॉक्टरांनी नवऱ्याची सही घ्यावी की नाही? निमित्त आमच्याच एका मैत्रिणीचं. तिची तांबी सरकली आणि दिवस गेले. दोन मुलं पदरात आहेत, तिसरं नको हे तिचं आणि नवऱ्याचं आधीच ठरलेलं. तरी शहरातल्या एका रुग्णालयातून तिला ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलं. मिस्टर मस्कतला. यात जवळपास तीन आठवडे गेले. तिने हे ग्रुपवर धीराने सांगितलं, तर निम्म्या मुलांनी रुग्णालयाचीच बाजू घेतली. नवऱ्याला कळायला नको का, म्हणे.

मी आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहते. इथे या विषयावर बोलताना सविता हलप्पनवारचं नाव येतंच. आपल्या बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर. 2012 साली गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. गर्भपात करा अशी तिने विनवणी केली, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. 31 वर्षांची होती. मे 2018 मध्ये इथे सार्वमत झालं, तेव्हा जगभरातले आयरिश लोक विमानं पकडून मतदानाला घरी आले होते. 66.4 टक्के लोकांनी गर्भपातावरची बंदी उठवायच्या बाजूने कौल दिला, आणि डब्लिनच्या एका भिंतीवर रंगवलेल्या सविताच्या चेहऱ्याभोवती लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या.

हे सगळं बघताना मला आपल्या कायद्याचा अभिमान वाटतो, आणि त्याचं आपण जे करून ठेवलंय त्याचा संताप येतो. मे 1971 मध्ये डब्लिनच्या बायका आगगाडीने सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊन गर्भनिरोधकं घेऊन आल्या, कारण इथे ती विकायलाही बंदी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतात गर्भपाताचा कायदा झाला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक फसणं हे कारण आता लग्न न झालेल्या मुलीलाही लागू आहे. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कायद्याने कुठेच मागितलेली नाही. उलट तिचं नाव अधिकार नसलेल्या माणसाला सांगणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

माझं म्हणणं इतकंच आहे की या गोष्टीत आठवडे मोलाचे असतात, आणि नेमके तेच आपण लाजेत आणि सह्यांत घालवतो. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. म्हणजे पाळी आठवडाभर लांबली तेव्हाच पाच आठवडे झालेले असतात.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांचा मार्ग आहे. तो चांगलाच आहे, पण रक्तस्राव आणि कळा घरी सोसाव्या लागतात. सिडकोतल्या दोन खोल्यांत, सासू-सासऱ्यांसमोर, हे प्रत्येकीला जमत नाही. शिवाय महाराष्ट्रात सरकारी तपासण्यांच्या धाकाने कितीतरी केमिस्ट ती गोळ्यांची पाकिटं ठेवतच नाहीत. दुसरा मार्ग सक्शनचा, साधारण बारा आठवड्यांपर्यंतचा, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी धड बोलत नाही. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना आणि किती दिवसांचा आहे, हे बघतात. मग गर्भाशयाच्या तोंडाशी भूल देऊन किंवा थोडी गुंगी देऊन एक बारीक नळी आत घालतात आणि पिशवी रिकामी करतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पाळीत दुखतं तसं पोट दुखतं, काही तास आराम करायला ठेवतात, त्याच दिवशी घरी. 98 टक्क्यांहून अधिक बायकांचं एवढ्यातच पूर्ण होतं. हवी तर त्याच वेळी तांबी बसवून मिळते. पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे. उलट दोन आठवड्यांतसुद्धा पुन्हा दिवस राहू शकतात. त्यानंतर ताप आला, घाण वास यायला लागला किंवा सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजले, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे अजून ‘क्युरेटिन’ हाच शब्द चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी खरवडण्याची ती जुनी पद्धतही चालते. तिच्याऐवजी सक्शन किंवा गोळ्या वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. सक्शन करणार का, हे डॉक्टरांना विचारायला बिचकू नका.

ग्रुपवरच्या एकाने लिहिलं की अशी सूट दिली म्हणूनच मुली मारल्या जातात. मुलींच्या जिवाची काळजी मलाही आहे, म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा वेगळा आहे, आणि तो कडकच हवा. पण सात-आठ आठवड्यांच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कुणालाच दिसत नाही. त्या बाईला हाकलून द्यायचं, म्हणजे तिला आणखी उशिराकडे ढकलायचं.

आयर्लंडमध्ये सगळं आलबेल नाही. बारा आठवड्यांच्या आत कारण विचारत नाहीत, पैसे पडत नाहीत, पण तीन दिवस थांबावंच लागतं. नऊ आठवड्यांपर्यंत बहुतेक जणींना गोळ्याच मिळतात, सक्शनसाठी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत स्त्रीरोगतज्ज्ञांचे दवाखाने आहेत, सरकारी रुग्णालयात हे मोफत आहे, आणि थांबण्याची सक्ती नाही. आयर्लंडच्या बायकांना जे मिळवायला अनेक दशकं लागली, ते आपल्या हाताशी आहे.

सिव्हिलच्या आणि महापालिका रुग्णालयांच्या ओपीडीत, बायका रांगेत बसतात तिथे, मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक लागायला हवा: वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, तुमचीच सही, नाव गुप्त, लवकर या. माझ्या वर्गातले चार जण नाशिकमध्ये डॉक्टर आहेत. हा वाद मी त्यांच्यापुढे ठेवला आहे, आणि आपापल्या दवाखान्यात असा फलक लावा, असं त्यांना नावानिशी लिहिलं आहे.