‘अमर डाव’ ना अजिंक्यपदाचा, ना निर्दोष

बुद्धिबळातील ‘अमर डावा’विषयीचा एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे आणि तो वाचल्यापासून माझा भाचा दहा चालींच्या आत वजीर देऊन मोकळा होऊ लागला आहे, म्हणून हा प्रपंच. मजकुराचे म्हणणे असे की, १८५१ साली लंडनमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत अडॉल्फ अँडरसनने एका नवख्याला हरवले, सगळे बळी पहिल्या चालीपासून ठरवून दिले आणि आजच्या संगणकालाही त्यात एक चूक सापडत नाही.

पहिली अधिकृत अजिंक्यपद लढत झाली १८८६ साली. १८५१ची लंडनची स्पर्धा अँडरसनने जिंकली हे खरे, पण तिच्या अंतिम फेरीत समोर मार्माड्यूक विविल होता आणि हा डाव तर स्पर्धेबाहेर सहज म्हणून खेळलेला. हरलेला लिओनेल किझेरिट्स्की पॅरिसच्या ‘कॅफे द ला रेजान्स’मध्ये पैसे घेऊन बुद्धिबळ शिकवीत असे, त्याला नवखा ठरवणाऱ्याने निदान त्याचे नाव तरी शोधायचे होते.

खरा घातक मुद्दा निर्दोषपणाचा. अठराव्या चालीला पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या अँडरसनने उंट डी-६वर (पटावरचे घर: उभ्या रांगेचे अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा) नेऊन दोन्ही हत्ती वाऱ्यावर सोडले. किझेरिट्स्कीने लगेच उंटाने जी-१वरचा हत्ती मारला, तेव्हा अँडरसनने प्यादे ई-५वर सरकवून काळ्या वजिराची जी-७कडे परतणारी तिरकी वाटच बंद केली. पुढे पहिला जगज्जेता ठरलेल्या स्टाइनिट्झने १८७९मध्येच दाखवून दिले होते की, काळ्याने आधी वजिराने ए-१वरचा हत्ती शह देऊन घ्यायला हवा होता. त्यानंतर वजीर बी-२वर परतला असता तर बचाव बराच चिवट झाला असता. शिवाय जर्मन ग्रँडमास्टर रॉबर्ट ह्यूबनरच्या विश्लेषणानुसार पांढऱ्याला अठराव्या चालीलाच उंट ई-३ ही अधिक चांगली चाल होती. प्रतिस्पर्ध्याची अशी चूक पहिल्या चालीलाच ‘ठरवून’ कशी ठेवता येते?

एक उंट, दोन हत्ती आणि वजीर देऊन पांढऱ्याने काळ्याची अवघी तीन प्यादी घेतली होती, हा मजकुरातील तपशील मात्र बरोबर आहे. पण बाविसाव्या चालीला दिलेला वजिराचा बळी हे धाडस नव्हतेच. जी-८वरचा काळा घोडा ई-७ हे घर राखत होता. एफ-६वर आलेला वजीर घ्यायला तो हलला आणि डी-६वरच्या उंटाने ई-७वर मात केली. घोडा वजीर न घेता मध्ये ई-७वर आला असता, तरी त्याच उंटाने त्याला मारून मात केली असती.