घरबसल्या शंभरपैकी शंभर

अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्या तमाम पोरांना आणि त्यांच्या हौशी आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे की पहाटे उठून पळायचा जुनाट प्रकार आता बंद करा. गावाची झोपमोड होते, कुत्री मागे लागतात आणि बूट झिजतात ते वेगळंच. हल्ली फिजिकलचे, म्हणजे मैदानी चाचणीचे, मार्क फोनवरच्या ॲपमध्ये मिळतात. माझ्या भाच्याला मिळाले. शंभरपैकी शंभर. वर फटाके, मागे फडकता तिरंगा, खाली हिरव्या अक्षरांत 'एक्सलंट'. ताईने तो स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला, भावकीतल्या चौघांनी खाली 'जय हिंद' लिहिलं आणि दाजींनी अर्धा किलो पेढे आणले. खऱ्या भरतीच्या रॅलीला तेव्हा सव्वा महिना अवकाश होता.

रॅलीत त्याला 69 मिळाले. पेढे तोवर संपले होते.

त्या रात्री गेटबाहेर बसून मला जे ज्ञान प्राप्त झालं ते एकट्याने पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून हे चार सल्ले.

पहिला सल्ला ॲप निवडण्याचा. ज्याच्या चित्रात तिरंगा आहे आणि बंदूक धरलेला, दाढी कोरलेला जवान आहे ते डोळे झाकून घ्यावं. ते कोणी बनवलं, मार्कांचा तक्ता कुठून आणला, असल्या चौकशा करू नयेत. लष्कराचा हिशोब तसाही फार किचकट आहे. 6 बीम (आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं) मारले तर 16 मार्क, 7 ला 21, 8 ला 27, 9 ला 33 आणि 10 ला 40. म्हणजे हातात जीव उरलेला नसताना जो शेवटचा बीम मारायचा, त्या एकट्याला 7 मार्क. ॲपवाल्याला हा अन्याय सहन झाला नसावा. त्याने सरळ चारचा पाढा लावला. सहा चोक चोवीस, सात चोक अठ्ठावीस. इतकंच काय, पाच मारले तरी पाचा चोक वीस. मैदानावर सहाच्या आत आलेला पोरगा सरळ घरी जातो, पण ॲप कोणालाही रिकाम्या हाती पाठवत नाही. मोठ्या मनाचं आहे.

भाच्याकडे असलेल्या दुसऱ्या ॲपमध्ये तर धावण्याला 5 मिनिटं 10 सेकंदांची अट होती. ती पोलीस भरतीची. तिथे 1600 मीटरला 20 मार्क असतात, इथे 60. असू दे, खाकी काय नि हिरवा काय, गणवेश तो गणवेश.

दुसरा सल्ला: ॲप जे मागेल ते द्या. कॉन्टॅक्ट मागितले, द्या. फोटो मागितले, द्या. पळायच्या वेळेशी मावशीच्या नंबरचा काय संबंध, असं विचारणारी पोरं देशासाठी काय करणार?

'प्रीमियम' घ्यायला विसरू नका. महिना 199 रुपये. स्वतःच्या खात्यात पैसे नसतील तर मामा असतोच. "मामा, जरा जीपे दे की" एवढंच म्हणायचं. मामाला वाटतं पोरगं अंडी-केळी आणायला मागतंय.

आता मुख्य सल्ला, धावण्याचा. ग्राउंडवर चुना टाकून आखलेल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड मारण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. त्यापेक्षा कॅनॉलच्या कडेने पळावं. सावली असते, गार वारा असतो आणि फोन स्वतःच सांगतो की 1600 मीटर झाले, थांबा. थांबायचं. भाचा तसाच थांबायचा. 5 मिनिटं 22 सेकंद, रोज, पहिला ग्रुप, 60 मार्क.

रॅलीहून परत आल्यावर मी आमच्या गवंड्याची 30 मीटरची टेप घेऊन गेलो. भाच्याला एका टोकाला उभं केलं, दुसरं टोक माझ्या हातात, आणि ऐन उन्हात तो रस्ता मोजला. 50 वेळा टेप टाकली आणि वर 20 मीटर. 1520. मी परत मोजला, कारण मला माझ्यावरच शंका आली. 1520 च. दोन्ही बाजूंना दाट झाडं. तिथे फोनचं जीपीएस दर दोन-तीन सेकंदांनी तुम्ही कुठे आहात याचा अंदाज घेतं आणि तो अंदाज कधी चार-पाच मीटर इकडे, कधी तिकडे. पोरगं सरळ पळतंय आणि फोनच्या लेखी ते दारू प्यायल्यासारखं कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर. ते सगळे झोके बेरजेत धरले जातात. पोरगं 1520 पळालं, उरलेलं 80 मीटर फोनच पळाला. आता हिशोब करा, मला तर तो करून करून पाठच झालाय. 80 मीटरला त्याच्या वेगाने 17 सेकंद. 5:22 मध्ये 17 मिळवा. 5:39. साडेपाच मिनिटांवर पहिला ग्रुप संपतो. 5:31 ते 5:45 दुसरा ग्रुप, 48 मार्क. बारा मार्क त्या झाडांनी खाल्ले! आणि हे कमी म्हणून की काय, त्यात 'ऑटो पॉज' नावाची एक सोय आहे. पळताना थांबलात की घड्याळही थांबतं. नाडी बांधायला थांबा, धाप लागली म्हणून गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहा, घड्याळ तुमची वाट बघतं. अरे, भरतीच्या मैदानावर घड्याळ धरलेला सुभेदार तुझा कोण लागतो? शंभर-दीडशे पोरं एकदम सुटतात, पहिल्या वळणावर कोपर बसतं, एखादा पायात पाय अडकून पडतो, त्याच्यावरून उडी मारून पुढे जावं लागतं, आणि वेळ संपली की दोन जवान रस्सी घेऊन आडवे येतात. रस्सी पडली की पडली. तिच्यापुढे कोणी ऑटो पॉज दाबून बघितलाय का?

असो. सल्ले द्यायला बसलोय, रागवायला नाही.

बीम मोजताना ॲपचं बटण मित्राच्या हातात द्यावं, जिवलग असेल तर उत्तम.

नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी मारायचा सराव करू नये, त्याला मार्क नसतात म्हणून ॲपमध्ये तो खड्डाच नाही. (मैदानावर आहे. त्यात पडलेला नापास. झिगझॅग बॅलन्सचंही, म्हणजे नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालण्याचंही, तेच.)

अधिवास, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, यांच्यासाठी तलाठी नि सरपंचाच्या मागे फिरण्यापेक्षा ॲपमध्ये प्रोफाइल फोटो नीट लावा.

भरतीची जाहिरात वाचू नये. फार मोठी असते. 2025-26 च्या जाहिरातीत धावण्याचे दोनाचे चार ग्रुप झाले आणि शेवटचा 6:15 पर्यंत गेला, हे आमच्या ॲपला अजून कोणी कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका, बिचाऱ्याला धक्का बसेल.

आणि रॅलीला जाताना फोन पूर्ण चार्ज करून न्या. आत न्यायला परवानगी नसतेच. तो गेटबाहेर मामाच्या खिशात राहतो आणि रात्री दीड वाजता थरथरून सांगतो, 'आज तुम्ही अजून पळाला नाहीत!'

मी तिथे होतो म्हणून सांगतो. जीपमध्ये नऊ जण कोंबून आम्ही संध्याकाळीच निघालो होतो. आमचा सातारा जिल्हा. गावाच्या नावातच मिलिटरी असलेलं अपशिंगे आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे भरतीला जाणं म्हणजे घरोघरी लग्नघाई. गेटबाहेर रस्त्यावर वर्तमानपत्रं पसरून पोरं झोपलेली. शेजारी सांगलीकडचा एक पोरगा होता. एकटाच आलेला. साधा बटणांचा फोन, तोही त्याने पिशवीत गुंडाळून पानटपरीवाल्याकडे दिला. "वेळ किती लागतो रे तुला?" मी विचारलं. म्हणाला, "आमच्या शाळेच्या ग्राउंडला सर शिट्टी घेऊन उभे राहतात. पाच वीसच्या पुढं गेलं तर परत पळायला लावतात." पहाटे तो आत गेला. पुढे त्याचं काय झालं कळलं नाही, पण बाहेर येताना तो हसत होता.

आमचा आला तो मान खाली घालून. बीमला दहापैकी तीन धरलेच नाहीत. हनुवटी वर आली नाही, हात पूर्ण सुटला नाही, पाय झोकले. सात. आणि तेही पळून आल्यावर, हात थरथरत असताना. घरी तो सकाळी झोपून उठून, चहा पिऊन, पंख्याखाली मारायचा. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पण मामा, ॲपमध्ये तर फर्स्ट ग्रुप होता."

काय बोलणार? मी स्वतः माझ्या वेळी छातीत बाद झालो होतो. पाच सेंटिमीटर फुगवायची होती, साडेतीनला अडकली. टेप धरणारा हवालदार म्हणाला, "घर जा बेटा." वाईट वाटलं, पण ती टेप खरी होती. मला तिच्याशी भांडता आलं नाही. या पोराने भांडायचं कोणाशी?

पोरांनो, आता सरळ सांगतो. तो तक्ता एका कागदावर मावतो. पाच ओळींचा आहे. तो भिंतीला चिकटवायला ॲप लागत नाही आणि 199 रुपयेही लागत नाहीत. पाच ओळींची बेरीज करायला ज्याला फोन लागतो, तो लेखी परीक्षेत काय दिवे लावणार? ज्याने हे ॲप केलं त्याला लाज वाटायला हवी. साडेसतरा-अठराच्या पोरांचा जीव ज्यावर टांगलेला असतो, त्याचा तक्तासुद्धा धड उतरवून घेता येत नाही तुला? पोरगं ऐंशी मीटर कमी पळतंय नि तू फटाके उडवतोस? आणि ताई, तुलाही सांगतो. स्टेटस ठेवायच्या आधी एकदा तरी ग्राउंडवर येऊन बघायचं होतंस, पोरगं पळतंय की फोन पळतोय. मीही आलो नाही. मी पैसे दिले आणि सुटलो.

पुढच्या भरतीला वयात बसतोय अजून तो. उद्या पाच वाजता हायस्कूलच्या ग्राउंडवर ये म्हणावं. चुना मी आणलाय, टेप गवंड्याला परत दिलेली नाही, आणि शिट्टी बाजारातून वीस रुपयांना घेतली. फोन घरी ठेव. नाही, थांब, आधी तो घेऊन इकडे ये आणि ते ऑटोपे कसं बंद करायचं ते दाखव. काल परत 199 कापलेत.