भांडण पहिल्या शिफ्टिंगवर, अवघड असतं ते दुसरं

पुण्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, आईबाबांनी सीनियर लिव्हिंगमध्ये जायचं म्हणजे पोरांनी हात झटकले की काय. इथे न्यू जर्सीत बसून मला सारखं वाटतं की आपण घर सोडण्यावरच भांडतोय, त्यानंतरच्या शिफ्टिंगचं कुणी बोलतच नाही.

इकडे सीसीआरसी (कंटिन्यूइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी) म्हणून प्रकार असतो, एकाच कॅम्पसमध्ये आधी स्वतःचा फ्लॅट, मग असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांत मदत, मेमरी केअर म्हणजे डिमेन्शिया झालेल्यांसाठी वेगळा विभाग, आणि नर्सिंग. आत जातानाच मोठी एंट्रन्स फी, वर दर महिन्याचे पैसे. आंघोळ, कपडे, जेवण, टॉयलेट, पलंगावरून उठणं यातलं स्वतःचं स्वतः किती जमतं ते बघून पुढे कुठे राहायचं ते ठरतं. ओळखीतल्या एका काकांना डिमेन्शिया झाला, ते मेमरी केअरला गेले, काकू फ्लॅटमध्येच राहिल्या आणि रोज दुपारी चालत जाऊन त्यांना स्वतः भरवतात, त्यासाठी कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण लोक पडले तरी लपवतात हो, कळलं तर फ्लॅट जाईल, शेजार तुटेल या भीतीने. पैशाचं म्हणाल तर टाइप ए करार असेल तर जास्त केअर लागली तरी महिन्याची फी फारशी वाढत नाही, टाइप सी असेल तर तेव्हाच्या बाजारभावाने मोजा. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, या रोजच्या देखभालीचे पैसे देत नाही, हॉस्पिटलनंतर स्किल्ड नर्सिंगचे (प्रशिक्षित नर्सकडून होणाऱ्या उपचारांचे) जास्तीत जास्त १०० दिवस, तेही अटी घालून.

आपल्याकडे महारेराने (महाराष्ट्राचं बांधकाम क्षेत्राचं नियामक प्राधिकरण) २०२४ मध्ये सीनियर हाउसिंगसाठी नियम आणले, रॅम्प, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या, खूप चांगलं केलं, पण हे सगळं बिल्डिंगचं झालं. बाबांना उद्या आंघोळ जमेनाशी झाली तर काय? बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं की तुमचा अटेंडंट ठेवा नाहीतर दुसरीकडे बघा, आणि ऐंशीच्या पुढे दुसरीकडे बघायचं म्हणजे किती हाल होतात!

म्हणून भावाला सांगितलंय, क्लबहाउस नंतर बघ, आधी अ‍ॅग्रीमेंट माग. बाबांना हलवायचं कोण ठरवणार, डॉक्टर की मॅनेजर, आपल्याला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येईल का, आईचा फ्लॅट तिच्याकडेच राहील ना, दोन्हीकडचे मिळून किती भरायचे, सगळं लेखी घे. आणि बाबांना शेजारी बसवूनच विचार, कुठे राहायचं हे ते आत्ता स्वतः सांगू शकतायत.