फिक्स रेट आहे, पण तुम्ही बोला

सगळ्यात आधी अभिनंदन. घरात पडून असलेलं लोखंडी कपाट, पोराची छोटी सायकल, लॉकडाऊनमध्ये उत्साहात घेतलेली आणि आता टॉवेल वाळत घालायला उपयोगी पडणारी ट्रेडमिल, यातलं काहीतरी एकदाचं ऑनलाइन विकून टाकायचं असं तुम्ही ठरवलंत. आता किंमत ठरवा.

बाकीचे लोक तीच वस्तू कितीला विकतायत ते अजिबात बघू नका, ते एकतर मूर्ख आहेत नाहीतर त्यांची वस्तू भंगार आहे. तुम्ही सरळ फाइलीतून कपाटाचं २०१४ चं बिल शोधून काढा. बिलावर १८,५०० असतील तर १७,००० पासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, कारण कपाट तुम्ही किती जपलंय हे तुम्हाला माहितीये आणि त्याचे पैसे समोरच्याने द्यायला नकोत का? खाली "आता असा माल येत नाही" हे वाक्य टाका, त्याचे हजार-दीड हजार वेगळे. (हेच कपाट तुम्ही दुसऱ्याकडे घ्यायला गेला असतात तर "दहा वर्षं जुनंय हो, लोखंडाच्या भावात द्या" म्हणाला असतात, पण तो विषय वेगळा.)

मग जाहिरात लिहा. उंची, रुंदी, खोली, मजला कितवा, लिफ्ट आहे का, एरिया पुण्यातली धायरी, सगळं सविस्तर, म्हणजे पहिला मेसेज "साइज काय आहे" आणि दुसरा "लोकेशन?" असाच येईल याची खात्री. शेवटी ठळक अक्षरात "फिक्स रेट. घासाघीस करू नये" असं लिहायला विसरू नका. वाचणारा त्याचा अर्थ बरोबर "अर्ध्यापासून सुरू करा" असा घेतो.

आता मेसेज यायला लागतील. फेसबुक मार्केटप्लेसवर "इज धिस अव्हेलेबल?" आलं की हुरळून जा. तो मेसेज तयार बटनावर असतो, अंगठा लागला तरी जातो, पण तुम्ही मात्र "हो सर, उपलब्ध आहे, उत्तम कंडिशन, कुलूप चालू, दोन्ही किल्ल्या आहेत, कधी येताय?" असं पूर्ण उत्तर टाइप करा. ते वाचलं जाईल. पुढे काहीच होणार नाही. दर अर्ध्या तासाने जाऊन बघत राहा.

दुसऱ्या प्रकारचा माणूस वेळ घालवत नाही. तो फक्त "लास्ट?" लिहितो. नमस्कार नाही, कपाट हवंय का सायकल ते नाही, नुसतं लास्ट. आता विचार करा, अजून फर्स्टच झालं नाही तर लास्ट कुठून सांगणार, पण तुम्ही तसं काही बोलू नका. तुम्ही लगेच दोन हजार कमी करून मोकळे व्हा. म्हणजे तो "१५ लास्ट ना, ओके, ७ ला देता का" असं विचारू शकेल. तुळशीबागेत बरं असतं, बाई भाव ऐकून दोन पावलं पुढे गेली की दुकानदार "ओ ताई, या इकडे" म्हणून हाक तरी मारतो, इथे गिऱ्हाईक जातं म्हणजे एकदम ऑफलाइनच जातं, हाक कोणाला मारणार.

प्रत्येकाला किंमत कमी का करून हवीये याची कारणं शांतपणे ऐकून घ्यायला शिका. "काका स्टुडंट आहे" हे पुण्यात सगळ्यात जास्त चालणारं कारण, त्यावर तुमचं मन विरघळलंच पाहिजे, प्रोफाइल फोटोत तो स्वतःच्या कारला टेकून उभा असला तरी. हिंजवडीवाला इंजिनियर वेगळा, तो तुम्हाला नव्या कपाटाची लिंक पाठवतो, सेलमध्ये, बँकेच्या कार्डवर इतके ऑफ, एक्स्चेंजवर इतके ऑफ, म्हणजे नवीनच ११ ला पडतंय. मग नवीन का घेत नाही, हे विचारायचं नसतं. आणि वाकडहून येणारा म्हणतो, सिंहगड रोडपर्यंत यायचं म्हणजे पेट्रोल, ट्रॅफिक, हाफ डे, त्याचे ५०० कमी करा. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे हे खरंच आहे आणि ते तुमच्याच कपाटामुळे वाढलंय, तेव्हा द्या.

पण खरा अनुभव हवा असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. तिथे घेणारे कमी आणि भाव पाडणारे जास्त. एक काकू लिहितात, "आम्ही हेच घेतलं होतं २०१२ ला, नवीन, ९ ला पडलं." त्यांना कपाट नकोय, नुसती माहिती दिली. लगेच बी विंगमधून "९? आम्हाला साडेआठला मिळालं बोहरी आळीत." त्यावर दोन अंगठे, एक हात जोडलेला. मग कमिटी मेंबर येऊन सांगणार की हा ग्रुप फक्त पाण्याच्या टँकरच्या सूचनांसाठी आहे. दहा मिनिटांत तुमचं १७ चं कपाट एकाही गिऱ्हाइकाशिवाय साडेआठवर आलेलं असतं, आणि रात्री लिफ्टमध्ये त्याच काकू भेटतात, "गेलं का हो कपाट?" हसा. "बघू, आलेत दोन-तीन फोन" म्हणा.

एवढ्या सगळ्यात एक माणूस मात्र देवासारखा येईल. तो भाव करत नाही. तो म्हणतो, सर मी आर्मीमध्ये आहे, खडकीला पोस्टिंग झालंय, तुमची वस्तू फोटोत बघितली, आवडली, १७ ठीक आहे, उद्या माणूस गाडी घेऊन येईल, पेमेंट आत्ताच करतो. सोबत आयकार्डाचा फोटोसुद्धा. पुण्यात लष्कराची सदर्न कमांड, लोहगावचा हवाई दलाचा तळ, एनडीए सगळंच आहे, तेव्हा आपल्याला खरंच वाटतं. तुम्ही तर भारावूनच जा. आठवडाभर लास्ट लास्ट ऐकून कान किटलेत आणि हा एक जण तुमच्या कपाटाची कदर करतोय, त्याच्यावर संशय घेणं बरं दिसतं का? तो आधी १० रुपये पाठवून विश्वास बसवेल, मग एक क्यूआर कोड पाठवेल, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील म्हणेल. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, एवढं तुमच्या आठवीतल्या पोरालाही माहितीये पण तो क्लासला गेलेला असतो. पिन टाका. १७,००० जातील, तर तो म्हणेल "सर टेक्निकल एररमुळे उलटं झालं, परत एकदा स्कॅन करा, दोन्ही मिळून रिफंड येतील." परतही करा. नंतर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावायचा असतो, जितक्या लवकर तितकं बरं, पण तुम्ही आधी मेव्हण्याला विचारा, मग त्याच्या बँकेतल्या मित्राला, मग उद्या बघू. तात्पर्य काय, सगळ्या बाजारात पूर्ण किंमत द्यायला तयार असलेला एकमेव माणूस चोर निघाला, त्यामुळे निदान "लास्ट?" वाल्यांबद्दल तरी मनात आदर ठेवा.

खरा घेणारा येतो तेव्हा एकटा येत नाही. सोबत एक मित्र असतो, त्याचं काम खोट काढणं. तो कपाट बोटाने टकटक वाजवून बघेल, खाली वाकून पायांचा गंज बघेल, दार तीनदा उघडबंद करेल आणि एक शब्द न बोलता मान हलवेल. मान हलली की दर वेळी ५०० रुपये कमी. मग घेणारा खिशातून नोटा काढून मोजतो आणि म्हणतो, एवढेच आणलेत. जीपे करा म्हटलं तर "आजची लिमिट संपली." दिवसाला लाखाची असते ती. म्हणजे हा सकाळपासून लाखभर उडवून आलाय आणि तुमच्याकडे आल्यावर नेमका कफल्लक झालाय. मान्य करा.

दुचाकी विकत असाल तर एक खास सल्ला. घेणारा म्हणेल "पेपर ट्रान्सफर मी नंतर करून घेतो, आत्ता फॉर्मवर सह्या द्या, हजार कमी करा." गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९, फॉर्म ३०, १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, हे सगळं कंटाळवाणं आहे, तुम्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या करून टाका. फायदा असा की गाडी गेली तरी तिची खुशाली कळत राहते. एमएच १२ वाली तुमची जुनी अ‍ॅक्टिव्हा, आज स्वारगेटला सिग्नल तोडला, परवा नवले पुलापाशी ट्रिपल सीट, नंतर कर्वे रोडला विदाउट हेल्मेट, फोटोसकट चलन तुमच्या मोबाइलवर. पोरगी सासरी गेली तरी एवढी खबर येत नाही.

असं करत करत महिना दोन महिने जातील, कपाट हॉलमध्येच, बायको रोज त्याच्याकडे बघत चहा पिणार. मग एक दिवस तुम्ही वैतागून लिहाल: फ्री. घेऊन जा. आता तरी सुटलो असं वाटत असेल तर थांबा. पहिला मेसेज, "फ्री का देताय, काय प्रॉब्लेम आहे त्यात?" दुसरा, "बुक करून ठेवा, रविवारी नक्की येतो" (कुठला रविवार ते लिहिलेलं नसतं). तिसरा, "काका तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवून द्याल ना?" आणि चौथा खरा गरजू, भला माणूस आहे, तो सांगतो, टेम्पोवाला १२०० म्हणतोय, ६०० तुम्ही टाका, आत्ता येतो.

इथे मात्र अजिबात नमतं घेऊ नका. तुम्ही ३०० म्हणा, तो ५०० म्हणेल, ४५० ला तुटेल. टेम्पो चारला म्हणालाय म्हणजे सहाला येणार, तोवर गेटवरच्या वॉचमनला सांगून सामान बाहेर न्यायचा पास बनवून घ्या, सेक्रेटरीची सही लागते, आणि ते सातला जिमला जातात.